फोन कुठं वापरणार, हे आधी विचारा : सोलापूर जिल्ह्यातल्या मोबाईल विक्रेत्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

नवी पेठेत, सात रस्त्याला, अशोक चौकात आणि मंगळवेढा, सांगोला, बार्शी, करमाळ्याच्या स्टँडसमोर मोबाईल विकणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र आहे. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब लिहिते. रेडिओ लहरींचं शिक्षण माझं झालेलं नाही. पण मागच्या पावसाळ्यापासून मी एका दोनशे पानी वहीत फोनच्या रेंजचे आकडे लिहीत आले आहे. त्या आकड्यांतून मला जे कळलं ते सगळ्यात आधी तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण आपल्या जिल्ह्यातल्या माणसाच्या हातात कुठला फोन पडणार हे बहुतेक वेळा तुमच्या काउंटरवर ठरतं. जाहिरात त्यानं टीव्हीवर पाहिलेली असते, पण शेवटचा शब्द तुमचा असतो.

माझी आई मंगळवेढा तालुक्यात राहते. गाव काळ्या रानातलं, घर माळवदाचं. दगडमातीच्या दोन हात रुंद भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि पांढरी माती, माजघरात उजेडासाठी एक साणं. उन्हाळ्यात सोलापूर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातं तेव्हाही त्या घरात पंख्याशिवाय झोप लागते. आईच्या जुन्या फोनची काच फुटली, चार्जिंगची पिन सैल झाली, म्हणून मी शहरातल्या एका दुकानातून तिला नवा फोन घेतला. दुकानातल्या मुलानं दोन प्रश्न विचारले. "अक्का, बजेट किती?" आणि "कॅमेरा चांगला पाहिजे का बॅटरी?" मग त्यानं एक फोन पुढे केला. पन्नास मेगापिक्सेल, मोठी बॅटरी, आणि किंमत बाकीच्यांपेक्षा हजार-दीड हजारानं कमी. म्हणाला, "इम्पोर्टेड पीस हाय. रेंजचं काय टेन्शन नाही, फुल काड्या हायत बघा की." खरंच होत्या. चारही.

गावी गेल्यावर त्या चारांची एक झाली, आणि चुलीपाशी तीही गेली. मी फोन लावला की "कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर". आईनं तिच्या परीनं मार्ग काढला. रोज रात्री जेवण झालं की ती शिडीवरून माळवदावर चढायची, मला मिस्ड कॉल द्यायची आणि मग आम्ही बोलायचो. हे मला महिनाभर माहीतच नव्हतं. श्रावणात एका रात्री पाऊस उघडल्यावर ती अशीच वर गेली. उतरताना ओल्या शिडीवरून पाय सटकला आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. एका हातानं भाकरी थापता येत नाही, हे तिनं मला प्लास्टर निघाल्यावर सांगितलं.

दुकानात गेले तर उत्तर मिळालं, "नेटवर्कचा प्रॉब्लेम हाय, फोनचा न्हाई." मलाही तसंच वाटलं. मी सिम पोर्ट केलं, चार दिवस थांबले. फरक शून्य. तेव्हा पॉलिटेक्निकला शिकणारा माझा भाचा म्हणाला, "मावशी, काड्या बघू नकोस, आकडा बघ." त्या दिवशी वही सुरू झाली.

हा आकडा तुमच्यापैकी दुरुस्तीचं काम करणाऱ्यांना माहीत असेल, पण तो गिऱ्हाइकाला दाखवताना मी कुणाला पाहिलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये अबाउट फोनमध्ये जाऊन सिम स्टेटस उघडलं की सिग्नल स्ट्रेंथ अशी एक ओळ दिसते. उणे ९७ डीबीएम, असं काहीतरी तिथं असतं. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* डायल केलं तरी तोच तपशील उघडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* लावून कॉलचं बटण दाबायचं. काही फोन डीबीएमच्या शेजारी एएसयू असाही एक आकडा दाखवतात. फोर जीवर त्यातून १४० वजा केले की डीबीएम मिळतं. एएसयू ४३ म्हणजे उणे ९७.

हा आकडा विहिरीतल्या पाण्यासारखा वाचायचा. काठापासून पाणी किती खाली आहे, एवढंच तो सांगतो. ऐंशी म्हणजे पाणी वर आहे, एकशे पंधरा म्हणजे तळाला गेलंय. मात्र विहिरीत दहा फूट म्हणजे दहाच फूट. इथं तसं नाही. इथं दहाचा फरक म्हणजे सिग्नल दहापट कमी, आणि नुसत्या तीनच्या फरकात तो निम्मा होतो. उणे १०० डीबीएम म्हणजे एका वॅटचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग. एवढ्याशा लहरीतून फोन आईचा आवाज वेचून काढतो, हे कळलं तेव्हा मला त्या यंत्राबद्दल फार आदर वाटला. फोर जीवर साधारण उणे नव्वदच्या अलीकडे असलं की चांगलं, शंभरच्या आसपास काम भागतं, एकशे दहाच्या पलीकडे तुटातूट सुरू होते आणि एकशे वीसला फोन जवळजवळ मुका होतो. एक सावधगिरी मात्र हवी. टू जीचा आकडा आणि फोर जीचा आकडा वेगळ्या मापाचे असतात. शेतातल्या मोटारीच्या मोबाईल स्टार्टरमध्ये बऱ्याचदा टू जीचं सिम असतं, त्याचे उणे ८५ आणि तुमच्या फोनचे फोर जीचे उणे १०५ शेजारी ठेवून तुलना करू नये.

आईच्या घरी आम्ही चुलीशेजारच्या देवळीत दोन्ही फोन आळीपाळीनं ठेवले. सिम एकच, जागा एकच, दार तेवढंच उघडं. मिनिटामिनिटाला एक असे दहा आकडे घ्यायचे आणि सरासरी काढायची. जुना, फुटक्या काचेचा फोन : उणे १०१. नवा : उणे ११५. फोनच्या मोजणीत सहा डेसिबलपर्यंत, म्हणजे या आकड्यात सहापर्यंत, इकडेतिकडे होणं मानकातच मान्य आहे, म्हणून आम्ही आकड्यावर थांबलो नाही. दोन्हींवरून दहा-दहा वेळा कॉल लावले. जुन्यावरून नऊ लागले, नव्यावरून तीन. मग भाच्यानं एका फुकट ॲपमध्ये दोघांचे बँड पाहिले, म्हणजे कुठला फोन लहरींच्या कुठल्या पट्ट्यावर चालतोय ते. जुना फोन बँड ५ धरून बसला होता, म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ. नवा बँड ४० वर होता, म्हणजे २३००. नव्या फोनच्या मॉडेल नंबरवरून बँडची यादी काढली तर तीत बँड ५ नव्हताच. तो फोन दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी बनवलेला होता. हजार-दीड हजारानं स्वस्त होता तो यामुळेच.

हे बँड-प्रकरण तुम्ही मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. कमी मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात. जास्त मेगाहर्ट्झच्या लहरी डेटा भरपूर वाहतात, पण त्यांना भिंत लवकर अडवते. आपल्याकडे फोर जी ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० अशा वेगवेगळ्या पट्ट्यांवर चालतं, कुठली कंपनी कुठल्या पट्ट्या वापरते ते वेगळं. फाइव्ह जीसाठी १ ऑगस्ट २०२२ ला संपलेल्या लिलावात ७०० आणि ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्या विकल्या गेल्या. नवी पेठेत उभं राहून ३३०० वाल्या फाइव्ह जीचा वेग दाखवणं सोपं आहे. पण मंगळवेढ्याच्या माळवदाखाली माणसाला ८५०, ९०० नाहीतर ७०० चाच आधार असतो. खोक्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल ठळक छापलेले असतात आणि बँडची यादी शोधावी लागते. ती शोधून वाचून दाखवायला तुम्हाला दोन मिनिटं लागतील. गिऱ्हाईक ती आयुष्यात कधी शोधणार नाही.

आणि काड्यांचं काय? किती डीबीएमला किती काड्या दाखवायच्या याचा सगळ्यांना लागू असलेला नियमच नाही. ज्याची त्याची मोजपट्टी वेगळी. २०१० मध्ये आयफोन ४ आला, हातात विशिष्ट पद्धतीनं धरला की त्याची रेंज पडते अशी ओरड झाली, तेव्हा ॲपलनं जुलैमध्ये जाहीरपणे मान्य केलं की काड्या मोजण्याचं आपलं सूत्रच चुकीचं होतं आणि काही वेळा दोन काड्या जास्त दाखवल्या जात होत्या. अँड्रॉइडच्या सगळ्यांना पाहता येणाऱ्या कोडमध्ये नेटवर्क कंपनीसाठी एक सोय ठेवलेली आहे, ती चालू केली की एक काडी वाढवून दिसते. दोन कंपन्यांच्या दोन फोनांवर तीन-तीन काड्या दिसतात आणि आत दहा-बारा डेसिबलचा फरक असू शकतो. "फुल काड्या हायत" हे तुमचं वाक्य खोटं नसतं, हे मला आता कळतं. पण त्याच्यावर फोन विकत घेता येत नाही.

शिवाय काड्या गर्दी सांगत नाहीत. संक्रांतीच्या वेळी सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी उभं राहून फोन लावून बघितला असेल तुम्ही. सिग्नल भरपूर, तरी कॉल लागत नाही आणि फोटो जात नाही, कारण टॉवर जवळ असला तरी त्याच्यावर लाखो माणसं एकाच वेळी लोंबकळलेली असतात. मी यंदा तिथं आकडा पाहिला तर उणे ७८ होता आणि साधा मेसेज दहा मिनिटं अडकला. तिथं फोन बदलून उपयोग नसतो. गिऱ्हाईक अशी तक्रार घेऊन आलं तर त्याला नवा फोन गळ्यात मारू नका, एवढंच.

तुमच्या दुकानाची एक अडचण मला मान्य आहे. भर पेठेत टॉवर जवळजवळ आहेत, तिथं कुठलाही फोन चांगलाच चालतो. चांगला फोन आणि कच्चा फोन यांतला फरक उणे ८० ला दिसतच नाही, तो उणे १०५ च्या पुढं उघडा पडतो. म्हणजे काउंटरवर केलेली परीक्षा ही सोपा पेपर देऊन सगळ्यांना पास करण्यासारखी आहे. प्रश्न आहे तो गिऱ्हाइकाच्या घरचा. म्हणून बजेटच्या आधी विचारा : फोन कुठं वापरणार? घर स्लॅबचं का माळवदाचं, का पत्र्याचं? शेतात वस्तीवर राहता का? सिम कुठलं? विडी घरकुलातली बाई हजार विड्यांच्या मजुरीच्या हिशेबानं पैसे साठवून फोन घेते. तिचा फोन घरात लागला नाही तर दुसरा घ्यायला तिला वर्ष थांबावं लागतं.

माझ्या कारखान्याचंच सांगते. फाटकापाशी उणे ८४. पत्र्याच्या शेडमध्ये मागांच्या ओळीत शिरलं की उणे ११२. पत्रा लहरी परत फिरवतो, आत येतात त्या दारातून आणि फटीतून. आमचे कामगार घरून फोन आला की माग सोडून दारात पळायचे. शेवटी ऑफिसातल्या ब्रॉडबँडचा वायफाय शेडपर्यंत आणला आणि ज्यांच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून कॉल लावायची सोय, होतं त्यांचा प्रश्न त्या दिवशी सुटला. ही सोय आपल्याकडे २०१९ च्या डिसेंबरपासून सुरू झाली, वेगळे पैसे लागत नाहीत, सेटिंग्जमध्ये एक बटण चालू करायचं. पण पंधरापैकी चौघांच्या फोनमध्ये ती त्यांच्या सिमवर चालतच नव्हती, आणि त्या चौघांना फोन घेताना कुणी सांगितलं नव्हतं.

बॅटरीचीही गोष्ट यातच आली. आईच्या नव्या फोनची मोठी बॅटरी संध्याकाळपर्यंत संपायची आणि मी तिला "तू दिवसभर व्हिडिओ बघतेस" म्हणून बोलायचे. तिनं एकही व्हिडिओ पाहिलेला नसायचा. टॉवर लांब वाटला की फोन ओरडून बोलतो. फोर जीचा फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॅटपर्यंत ताकद लावतो, आणि कमजोर रेंजमध्ये त्याला तेवढी पुन्हा पुन्हा लावावी लागते. त्या बोलण्याबद्दल मी आईची क्षमा मागितली आहे.

काही दुकानांत सिग्नल बूस्टर मिळतो. तो कृपा करून विकू नका. परवान्याशिवाय असा बूस्टर लावणं बेकायदा आहे, आणि साधं कारण असं की त्याचा गोंगाट टॉवरच्या कानात जातो आणि आजूबाजूच्या सगळ्यांचे फोन खराब होतात. एका घराची रेंज वाढवून गल्लीची घालवायची, हे आपल्याकडून व्हायला नको. धातूची किंवा जाड लोहचुंबकाची पाठ असलेले कव्हरही कमजोर रेंजच्या गावातल्या माणसाला देऊ नका. अँटेना फोनच्या कडांना आणि पाठीला असतात.

उघडलेला फोन परत घेणं तुम्हाला परवडत नाही, हे हिशेब लिहिणारी म्हणून मी जाणते. सिम घालून चालू केला की तो जुना झाला, त्याची किंमत उतरली. म्हणून "परत घ्या" अशी मागणी मी करत नाही. पण काचेच्या कपाटात जे डेमो पीस असतात त्यांतला एखादा डिपॉझिट ठेवून एका रात्रीसाठी गिऱ्हाइकाला द्या. तो आपलं सिम घालून घरी नेईल, चुलीपाशी, माजघरात, गोठ्यात आकडा बघेल, कॉल लावेल आणि सकाळी सांगेल. ज्याला हे शक्य नाही त्याच्यासाठी निदान कंपन्यांचे कव्हरेजचे नकाशे उघडून त्याचं गाव दाखवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांनुसार कंपन्यांना टू जी, फोर जी, फाइव्ह जी असे वेगवेगळे नकाशे आपल्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात. नकाशाला माळवदाची भिंत दिसत नाही, पण गावात कुठल्या कंपनीचं काय पोचलंय ते कळतं, आणि मग फोनवर खापर फोडायचं का नेटवर्कवर हा वाद तरी अर्धा मिटतो.

आईचा आताचा फोन मी अशाच एका दुकानातून घेतला. मालक वयस्क होते. मी आकड्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. "पोरी, माझ्या गोदामात चल, तिथं कुठलाच फोन नीट लागत न्हाई," म्हणाले. माळ्याखालच्या कोपऱ्यात, खोक्यांच्या राशीमागं, आम्ही माझं सिम तीन डेमो फोनमध्ये आळीपाळीनं घालून पाहिलं. उणे १०७, उणे १०४, उणे ११३. तिसरा सगळ्यात महाग होता. मी दुसरा घेतला, बँडची यादी त्यांनी स्वतः वाचून दाखवली. आईच्या देवळीत तो उणे १०२ दाखवतो. साण्याखाली उणे ९६. शिडी आता मी गोठ्यात नेऊन ठेवली आहे.

तुमच्याही दुकानात असा एखादा कोपरा असेल. जिन्याखाली, मागच्या खोलीत, शटरच्या आतल्या बाजूला. आज दुकान बंद करायच्या आधी एक फोन हातात घेऊन तो शोधा. आकडा शंभरच्या पुढं जाईल तिथं फरशीवर खडूनं फुली मारा. उद्या पहिलं गिऱ्हाईक आलं की त्याला त्याच्या सिमसकट त्या फुलीवर उभं करा आणि त्याला आवडलेले दोन फोन एकामागून एक त्याच्या हातात द्या.

कळावे,
आपली नम्र,
एक गिऱ्हाईक, सोलापूर